कॅमेऱ्यासाठी कर्ज द्यायचं का?



दोन महिन्यांपूर्वी आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. गटातल्या एका ताईंची मुलगी संभाजीनगरात शिकून आली आहे. ती कॅमेरा चालवते. कधी लग्नाचं शूटिंग, कधी एखाद्या संस्थेचा कार्यक्रम, आणि बोलावणं आलं तर टीव्हीच्या बातमीसाठी चित्रण. नोकरी कुणाचीच नाही. काम असेल त्या दिवशी जायचं, त्या दिवसाचे पैसे घ्यायचे. कॅमेरा मात्र प्रत्येक वेळी भाड्याचा. आता वापरलेला पण चांगला कॅमेरा विकत मिळतोय, म्हणून ताईंनी गटाकडे चाळीस हजार मागितले.

आमच्या गटानं आजवर शेळ्यांना कर्ज दिलं, शिलाई मशीनला दिलं, पिठाच्या गिरणीला दिलं. कॅमेऱ्याला कधी दिलं नव्हतं. एक म्हातारी सभासद म्हणाली, "म्हैस दूध देते. कॅमेरा काय देतो?" दुसरी म्हणाली, "पोरीनं रात्री-अपरात्री खांद्यावर कॅमेरा टाकून हिंडायचं का?" तिसरीनं वेगळंच सांगितलं. तिचा पुतण्या हेच काम करायचा. एका ठिकाणचे त्याचे सहा महिन्यांचे पैसे अडकले ते अडकलेच. शेवटी त्यानं मोटारसायकल विकली. बैठकीत एकदम शांतता झाली. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि आम्हा समन्वयकांना सांगितलं, "तुम्ही शिकलेल्या आहात, या धंद्याची कुंडली काढून आणा."

आम्ही कुंडली काढायला बसलो आणि थेट अजिंठ्यात जाऊन पोचलो. आज ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

अजिंठ्याचा साहेब आणि हैदराबादचा जनाना स्टुडिओ

आपल्या जिल्ह्यात कॅमेरा आला त्याला दीडशे वर्षांहून जास्त काळ झाला. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ साली अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं कॅनव्हासवर उतरवून घेण्याच्या कामावर नेमलं. अजिंठा गावात राहून त्यानं वर्षानुवर्षं चित्रं काढली. त्यातली बहुतेक चित्रं पुढे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा जळाली. मधल्या काळात गिल कॅमेरा शिकला होता. त्यानं काढलेल्या अजिंठा-वेरूळच्या फोटोंचं पुस्तक १८६४ साली लंडनमध्ये निघालं. चित्रं जळाली, फोटो उरले.

तेव्हाचा फोटो म्हणजे काचेची तावदानं. काचेला औषध लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि ओलं असतानाच अंधाऱ्या तंबूत धुवायचा. जरा उशीर झाला की काच वाया. धुवायला पाणी लागतं, ओझी वाहायला माणसं लागतात. वाघूर नदीतून पाणी कुणी भरलं, काचांच्या पेट्या डोंगरात कुणी चढवल्या, ती नावं कुठे लिहिलेली नाहीत. गिलच्या आयुष्यातल्या पारोचं नाव मात्र राहिलं, कारण तिची समाधी अजिंठा गावात आहे. आपल्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी तिच्यावर दीर्घ कविता लिहिली आणि पुढे त्यावर चित्रपटही निघाला.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या दरबाराचे फोटोग्राफर होते राजा दीनदयाळ. वेरूळच्या लेण्यांचे त्यांनी काढलेले फोटो आजही पुस्तकांत छापतात. पण आमचं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. १८९२ साली दीनदयाळांनी निजामाच्या राजधानीत बायकांसाठी स्वतंत्र 'जनाना स्टुडिओ' काढला. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर बसणार कशा, म्हणून त्या स्टुडिओचं काम केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंकडे दिलं. म्हणजे बाईनं कॅमेऱ्यामागे उभं राहणं ही आजकालची फॅशन नाही. एकशे तीस वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात त्याची गरज कुणाला तरी कळली होती. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा ती म्हातारी सभासद म्हणाली, "बाळंतपणाला जशी सुईणच लागते, तसं म्हणायचं." आम्हाला हे पटलं.

सावे दादांची कुस्ती आणि सरस्वतीबाईंची रात्र

हलतं चित्र आपल्या देशात पहिल्यांदा दाखवलं गेलं ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंचे ते छोटे छोटे चित्रपट होते. मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाचे एक मराठी फोटोग्राफर होते. लोक त्यांना सावे दादा म्हणत. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली. पुढे १९०१ साली केंब्रिजची रँग्लर पदवी मिळवून र. पु. परांजपे मुंबईच्या बंदरात उतरले, तो स्वागताचा सोहळाही सावे दादांनी टिपला. आपल्या देशातली ही पहिली चित्रित बातमी मानतात.

मैत्रिणींनो, विचार करा. सावे दादांना कुणी नोकरी दिली नव्हती. कॅमेरा स्वतःचा, फिल्म स्वतःची, जोखीम स्वतःची. काय टिपायचं तेही स्वतः ठरवायचं. आजच्या भाषेत ते मुक्त कॅमेरामनच झाले. आमच्या गटातली मुलगी जे काम करते, त्या कामाचा मूळ पुरुष मराठी होता.

मूळ स्त्रीसुद्धा मराठीच. दादासाहेब फाळके यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. जन्म त्र्यंबकेश्वरचा. १९१२ साली त्यांनी लंडनला जाऊन कॅमेरा आणि यंत्रं आणली. त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. कॅमेऱ्यासाठी घरच्या बाईचं सोनं मोडण्याची आपल्याकडची पहिली वेळ हीच असावी.

पण सरस्वतीबाईंनी फक्त दागिने दिले असं नाही. तेव्हा कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत. ती यंत्रावर आपल्याला पाडावी लागत, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म खराब. सरस्वतीबाई हे काम रात्री बसून करत. हिशोब मांडून बघा. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं असतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं. म्हणजे एका फुटाला १२८ भोकं. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. फक्त तेवढ्याच फिल्मची भोकं साडेचार लाखांच्या वर जातात. वाया गेलेली फिल्म वेगळीच. शिवाय फिल्म धुण्याची औषधं कालवणं, चित्रीकरणात ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभं राहणं आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हे सगळं त्यांच्याकडेच होतं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. त्यात तारामतीचं काम करायला एकही बाई मिळाली नव्हती, ते काम एका पुरुषानं केलं. पडद्यावर बाई नव्हती, पडद्यामागे मात्र एक बाई रात्र-रात्र राबत होती.

सरस्वतीबाईंना त्या कामाची मजुरी मिळाली नाही. घरचंच काम म्हणून ते धरलं गेलं. आपल्यापैकी किती जणींची शेतातली मजुरी अशीच घरच्या खात्यात जाते, ते काही वेगळं सांगायला नको.

फिल्मची पेटी ते हातातला फोन

आता टीव्हीकडे येऊ. दिल्लीत दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालं आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९७२ म्हणजे मराठवाड्यातल्या मोठ्या दुष्काळाचं साल. आपल्या आया-आज्या तेव्हा खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर होत्या. मुंबईत 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा, स्मिता पाटील बातम्या वाचायच्या. आपल्या गावांत टीव्ही पोचायला मात्र पुढे बरीच वर्षं लागली. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांना टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. शेजारचे आंध्र आणि कर्नाटक त्यात होते, महाराष्ट्र नव्हता.

तेव्हाच्या टीव्हीच्या बातम्या फिल्मवर चित्रित होत. कॅमेऱ्यात शंभर फुटांचं रीळ घातलं की पावणेतीन मिनिटांच्या आसपास चित्रण होई. म्हणून कॅमेरामन बटण दाबायच्या आधी दहा वेळा विचार करायचा. मग व्हिडिओ टेप आली. सुरुवातीला कॅमेरा एकाच्या खांद्यावर आणि टेपचं जड यंत्र दुसऱ्याच्या खांद्यावर, मध्ये केबल. दोघांनी बैलजोडीसारखं बरोबर चालायचं. १९८२ नंतर कॅमेरा आणि टेप एकाच यंत्रात बसवणारे कॅमेरे निघाले, तरी वजन सात-आठ किलोंचं असायचंच. "हे बाईचं काम नाही" असं जे म्हणतात, ते तेव्हापासूनचं. आम्ही गटात एवढंच विचारलं, पाण्याचा भरलेला हंडा किती किलोंचा असतो?

१९९२ साली झी टीव्ही सुरू झाला. त्यानंतर १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, आणि २००७ साली झी २४ तास व स्टार माझा, म्हणजे आजचा एबीपी माझा, या चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या आल्या. चोवीस तास बातम्या द्यायच्या तर जिल्ह्याजिल्ह्यांत कॅमेरा हवा. पण प्रत्येक ठिकाणी पगारी माणूस परवडत नाही. यातून 'स्ट्रिंगर' नावाचा माणूस तयार झाला. गाडी त्याची, कॅमेरा त्याचा, पेट्रोल त्याचं. बातमी लागली तर त्या बातमीचे पैसे, नाही लागली तर गेलेला दिवस पाण्यात. आधी कॅसेट बसनं मुंबईला जायची, मग इंटरनेटवरून चित्रण जाऊ लागलं, आता खिशातल्या फोनवरूनही जातं. साधन हलकं झालं, पण कामाची अट होती तीच राहिली.

मराठवाड्यानं किती मोठ्या घटना टीव्हीवर पाहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं गेली. ढिगाऱ्यांची ती चित्रं आपण अजून विसरलो नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीत, आपल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या कारखान्यात काम करणारे ते मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या घराकडे पायी निघाले होते. रुळांवर पसरलेल्या त्यांच्या पोळ्या सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिल्या. आम्हीही पाहिल्या, आणि त्या दिवशी अन्न घशाखाली उतरलं नाही.

टाळेबंदीत सगळे घरात असताना कुणीतरी तिथे जाऊन उभं राहिलं, म्हणून देशाला ते कळलं. अशा ठिकाणी सगळ्यात आधी पोचतात ती जिल्ह्यातलीच कॅमेऱ्याची माणसं. पडद्यावर नाव येतं वाहिनीचं. चित्रण करणाऱ्याचं नाव क्वचितच कुणाला कळतं, वाघूरचं पाणी भरणाऱ्यांसारखंच.

पटेल शॉट, संघम शॉट

आता बायकांकडे येऊ. १९८४ साली अहमदाबादला सेवा या संघटनेनं वीस बायकांचं व्हिडिओ प्रशिक्षण घेतलं. अमेरिकेहून आलेल्या मार्था स्टुअर्ट यांनी ते शिकवलं. वीसमधल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या. बटणावरची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, तर त्या खुणा ओळखून शिकल्या. माणेकचौकातल्या भाजीवाल्यांच्या जागेच्या प्रश्नावर त्यांनी चित्रण केलं. त्यातून 'व्हिडिओ सेवा' उभी राहिली आणि पुढे कित्येक वर्षं चालली.

दुसरं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं आहे. तेलंगणात, बिदरच्या पलीकडे, जहिराबाद आहे. तोही एकेकाळी आपल्यासारखाच निजामाचा मुलूख. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीबरोबर दलित शेतकरी बायकांचे 'संघम' आहेत, म्हणजे आपल्या गटांसारखेच गट. या बायका कॅमेरा शिकल्या. वारंगळच्या शेतकऱ्यांचा बीटी कापसाचा अनुभव त्यांनी शेतात जाऊन हंगामामागून हंगाम चित्रित केला. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांनी स्वतःचा 'संघम रेडिओ'ही सुरू केला. आज आपण ज्या प्रकारच्या रेडिओवर बोलतोय, तसाच तो.

या बायकांनी कॅमेऱ्याच्या भाषेत मोठी भर घातली आहे. कॅमेरा वर धरून खालच्या माणसाकडे पाहिलं, तर त्याला त्या 'पटेल शॉट' म्हणतात, कारण जमीनदार मजुराकडे असा वरून बघतो. कॅमेरा खाली ठेवून वर पाहिलं तर तो गुलामाचा शॉट, कारण मजूर मालकाकडे मान वर करून बघतो. आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा धरला तर तो 'संघम शॉट', कारण संघमच्या बैठकीत सगळ्या जमिनीवर एका पातळीला बसतात.

हे वाचल्यावर आम्हाला आपल्या भागातलं एक चित्र आठवलं. शेतकऱ्यानं आत्महत्या केलेल्या घरी कॅमेरा येतो. घरची बाई ओट्यावर, जमिनीवर बसलेली असते. कॅमेरेवाला उभा असतो. तो वरून तिच्याकडे बघतो, ती पदर तोंडावर ओढते, आणि तेवढंच चित्र टीव्हीवर दिसतं. बाई खाली, बघणारे वर. आमच्या गटात अशी एक विधवा सभासद आहे. ती म्हणाली, "त्या दिवशी माझ्या घरी एखादी पोरगी आली असती आणि माझ्याजवळ खाली बसली असती, तर मी बोलले असते." बैठकीत यावर कुणी काही बोललं नाही. पण कॅमेरा काय देतो, या प्रश्नाचं एक उत्तर तिनं देऊन टाकलं होतं.

भीती खरी आहे

या कामातला धोका आम्ही गटापासून लपवला नाही. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत शक्ती मिलच्या पडक्या आवारात कामासाठी गेलेल्या एका तरुण छायाचित्रकार मुलीवर सामूहिक अत्याचार झाला. ती एकटी नव्हती, सहकारी बरोबर होता. ही बातमी ऐकून कित्येक घरांनी आपल्या मुलींची पावलं मागे ओढली असतील. आम्ही आया आहोत, आम्हाला ते समजतं. पण त्या मुलीनं तक्रार दिली, ती कोर्टात उभी राहिली आणि आरोपींना शिक्षा झाली, हेही आम्ही गटात सांगितलं.

कायद्यानं आजवर काय केलं, तेही पाहिलं. १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा वर्तमानपत्रांपुरता होता. टीव्हीवाले त्यात नव्हते, कारण तेव्हा देशात टीव्हीच नव्हता. २०२० साली संसदेनं कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची जी नवी संहिता केली, तिच्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांतले पत्रकार आले, आणि ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. पण कायद्याचा आधार मागायचा तर आपण कुणाचं काम करत होतो, याचा कागद हातात पाहिजे. महाराष्ट्रात २०१७ साली पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा मंजूर झाला. कंत्राटावर काम करणारे पत्रकारही त्यात येतात. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तिथेही पहिला प्रश्न तोच, कागद आहे का?

पैसे अडकण्यावरही एक वाट आहे. कॅमेऱ्याचं काम हा सेवा उद्योग म्हणून 'उद्यम' पोर्टलवर नोंदवता येतो. आधार क्रमांकावर फुकट नोंदणी होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे घेणाऱ्यानं ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत करारातसुद्धा ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उशीर झाला तर व्याज लागतं आणि तक्रारीसाठी परिषद आहे. ज्यांचे पैसे अडकले, त्या सभासद ताईंनी हे ऐकून विचारलं, "हे माझ्या पुतण्याला तेव्हा कुणी का नाही सांगितलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी पैसे देऊन चित्रीकरण करून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर त्या चित्रणाचा मालक साधारणपणे करून घेणारा ठरतो. चित्रण पुन्हा वापरलं तर पैसे किंवा नाव मिळावं असं वाटत असेल, तर ते आधीच लिहून घ्यावं लागतं.

मग गटानं काय ठरवलं

पुढच्या बैठकीला आम्ही त्या मुलीलाच बोलावलं. तिनं तिची वही आणली होती. कुठल्या दिवशी कुठलं काम, कॅमेऱ्याचं भाडं किती, हातात किती आले, अजून किती यायचे, सगळं लिहिलेलं. एका दिवसाचं भाडं ८०० रुपये. लग्नसराईत महिन्याला बारा-बारा दिवस काम, म्हणजे ९,६०० रुपये नुसतं भाडं. आषाढीनंतर लग्नं थांबतात, मग महिन्याला तीन-चार दिवस. म्हातारी सभासद वही ऐकून म्हणाली, "म्हणजे म्हशीसारखंच की. वर्षातून काही महिने आटते." कॅमेऱ्याचा हंगाम असतो, हे तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं, आणि आमच्याही.

मग ठरलं ते असं. कर्ज दिलं. हप्ता बाराही महिने सारखा ठेवला नाही. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत मोठा हप्ता, चातुर्मासात फक्त व्याज. कॅमेऱ्याचा विमा पहिल्या महिन्यातच काढायचा. उद्यम नोंदणी करायची. प्रत्येक कामाआधी फोनवर का होईना, लेखी मजकूर घ्यायचा. काम कुठलं, दिवस किती, पैसे किती, कधी मिळणार आणि नाव देणार का. रात्रीचं काम असेल तर कुठे जाते आणि कुणाबरोबर, हे गटातल्या दोघींना कळवायचं. शेवटच्या अटीवर मुलगी थोडी रुसली. "मुलगा असता तर ही अट घातली असती का?" असं तिनं विचारलं. आम्ही खरं तेच सांगितलं, "नसती घातली." ती अट काढायची की सगळ्या मुलांनाही लावायची, यावर अजून चर्चा चालू आहे. आमच्यातल्याच दोघींचं मत आहे की मुलांनाही लावावी, कारण स्ट्रिंगर मुलंही रात्री रस्त्यावरच असतात आणि त्यांचीही आई जागी असते.

कर्ज फिटेल का, हे आज आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पहिले दोन हप्ते आलेत, एवढंच खरं. तुमच्या गटात असा अर्ज आला तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. वही बघा, कागद बघा, हंगाम बघा. हिशोबाच्या रकान्यात एक गोष्ट लिहिता येत नाही, तीही मनात धरा. आपल्या घरावर संकट आलं आणि टीव्हीचा कॅमेरा दारात आला, तर तो कुणाच्या हातात असावा असं आपल्याला वाटतं?

गेल्या आठवड्यात ती मुलगी आमच्याच गटाची बैठक चित्रित करायला आली होती. आम्ही खुर्ची पुढे केली. ती नको म्हणाली आणि सतरंजीवर आमच्यात बसली. कॅमेरा गुडघ्यावर टेकवून तिनं तो आमच्या डोळ्यांच्या उंचीला धरला. तिला जहिराबादच्या बायकांबद्दल आम्ही तोवर काहीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत या विषयावर बोला, आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.